आईची शुगर, लघवीतलं अल्डोस्टेरॉन आणि किडनी : रिपोर्ट समजून घ्यायला मदत हवी आहे

शेवंती_वाई (२ ऑगस्ट, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. इथे बऱ्याच जणांच्या घरी शुगरचे पेशंट आहेत आणि दोन-तीन डॉक्टरही आहेत म्हणून धागा काढतेय, जरा लांबलंय पण सगळं सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

आई ६१ वर्षांची, वाईला असते, मी पुण्यात. शुगर १३ वर्षांपासून, गोळ्यांवर, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) ७.४ च्या आसपास. गेल्या दीड वर्षात बीपी ऐकतच नाहीये. टेल्मिसार्टन, अॅम्लोडिपिन आणि पाण्याची गोळी असं तिन्ही चालू असून १६२/९४ वगैरे. पोटॅशियम ३.२. डॉक्टरांना वाटलं पाण्याच्या गोळीने कमी होतंय म्हणून ती बंद केली, पोटॅशियमचं सिरप दिलं, तरी सिरप थांबवलं की परत ३.२.

मग पुण्यात किडनीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पहिल्यांदा एसीआर (लघवीतून अल्ब्युमिन हे प्रोटीन किती गळतंय ती तपासणी) करायला लावली आणि ती आली १८६! क्रिएटिनिन ०.९, ईजीएफआर (किडनी किती गाळते तो आकडा) ७३. म्हणजे १३ वर्षं दरवर्षी आम्ही 'किडनी एकदम ओके' ऐकत होतो कारण क्रिएटिनिन नॉर्मल आणि साध्या लघवीच्या तपासणीत प्रोटीन निल, आणि एकदाही कुणी एसीआर लिहून दिली नाही. मला या गोष्टीचा फार राग आलाय, तिच्यावरही नाही नि कुणावर काढताही येत नाही.

त्यांनी रक्तातलं रेनिन नि अल्डोस्टेरॉन (बीपी सांभाळणारी हार्मोन्स म्हणे) केलं, दोन्ही कमी. मग २४ तासांच्या लघवीतलं अल्डोस्टेरॉन. रिपोर्ट काल आला: लघवी १०५० मिली, क्रिएटिनिन ५१० मिग्रॅ, अल्डोस्टेरॉन १.१ मायक्रोग्रॅम, लॅबच्या रेंजच्या खाली. अपॉइंटमेंट गुरुवारी आहे, तोपर्यंत झोप नाही. हार्मोन कमी म्हणजे किडनीने हार्मोन बनवणं बंद केलंय का? आणि शुगरवाल्या बाईची ही तपासणी करतातच कशाला?

---

लॅबवाला_मिरज (२ ऑगस्ट, रात्री ११:१५)

ताई, मी १९ वर्षं लॅबमध्ये आहे. औषधाचं डॉक्टर सांगतील, मी फक्त लघवी गोळा करायच्या कॅनबद्दल बोलतो.

तुमचा हा रिपोर्ट मला अपुरा वाटतोय. २४ तासांच्या लघवीत क्रिएटिनिन उगाच मोजत नाहीत, लघवी पूर्ण गोळा झाली का नाही त्याची ती साक्ष असते. बायकांमध्ये साधारण किलोमागे १५ ते २० मिग्रॅ यायला पाहिजे, वय झालं की थोडं कमी. आईंचं वजन किती? ६० च्या पुढे असेल तर ९०० च्या घरात तरी यायला हवं होतं, ५१० म्हणजे जवळजवळ निम्मी लघवी कॅनमध्ये पोचलीच नाही.

पेशंटचा यात दोष नसतो, आम्ही नीट सांगत नाही. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहायची, समजा ६. त्यानंतरची एकूण एक कॅनमध्ये, शौचाला गेल्यावर होते तीसुद्धा, आणि दुसऱ्या दिवशी ६ ची पहिली घेऊन बंद करायचं. अल्डोस्टेरॉनच्या कॅनमध्ये लॅबने आधीच अॅसिड घातलेलं असतं, ते पाणी समजून ओतून टाकणारे लोक मी पाहिलेत. थेट कॅनवर बसायचं नाही, आधी मगमध्ये घ्यायची मग ओतायची, अॅसिड अंगावर उडतं.

---

शेवंती_वाई (३ ऑगस्ट, सकाळी ८:०५)

वजन ६४ किलो. लॅबवाला दादा, मी आईला आत्ता फोन करून विचारलं. त्या दिवशी दुपारी तिच्या भजनी मंडळाचा कार्यक्रम होता मेणवलीला, आणि तिथे कॅन घेऊन कशी जाणार म्हणून दोन-तीन वेळा तशीच जाऊन आली, मला बोलली नाही. वाईट वाटलं मला, तिला लाज वाटली असणार आणि आम्ही कुणी सोबत नव्हतो.

---

डॉ_गोदाकाठ (३ ऑगस्ट, दुपारी २:३०)

शेवंती, आधी धीर धर. मी फिजिशियन आहे, किडनीतज्ज्ञ नाही, आणि आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे गुरुवारी तुमचे डॉक्टर सांगतील तेच खरं.

अल्डोस्टेरॉन किडनी बनवत नाही, किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी अॅड्रिनल ग्रंथी असते ती बनवते. किडनी बनवते ते रेनिन. रेनिन १८९८ मध्ये स्टॉकहोममध्ये टायगरस्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या किडनीतून शोधलं. साखळी अशी: बीपी कमी पडतंय असं किडनीला वाटलं की रेनिन सुटतं, त्यातून अँजिओटेन्सिन तयार होतं, ते रक्तवाहिन्या आवळतं आणि अॅड्रिनलला सांगतं अल्डोस्टेरॉन सोड. अल्डोस्टेरॉन किडनीला म्हणतं मीठ धरून ठेव, पोटॅशियम सोडून दे. म्हणून ते जास्त झालं की बीपी वर आणि पोटॅशियम खाली.

आता कारण कळेल. तीन औषधांना न जुमानणारं बीपी अधिक कमी पोटॅशियम म्हटलं की पहिला संशय अॅड्रिनलवर येतो, ग्रंथी स्वतःच्या मनाने अल्डोस्टेरॉन ओततेय का. हा आजार अमेरिकेत जेरोम कॉन यांनी १९५५ साली मांडला. शुगरच्या पेशंटांमध्ये हे शोधायलाच हवं कारण जादा अल्डोस्टेरॉन फक्त बीपी वाढवत नाही, किडनीच्या गाळणीला सूज आणि व्रण आणतं. रक्तातला आकडा दिवसभर वरखाली होतो, लघवीत अख्ख्या दिवसाची बेरीज मिळते. भरपूर मीठ पोटात जात असतानाही ती बेरीज १२ मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर ग्रंथी ऐकत नाहीये असं धरतात.

पण आईंचं उलटं आहे. निम्मी लघवी वाया गेली म्हणून दुप्पट केलं तरी २.२ च होतं. पोटॅशियम कमी असताना अल्डोस्टेरॉनही थोडं दबतं हे खरं, पण रेनिनही कमी, तेही टेल्मिसार्टन चालू असताना, ज्याने रेनिन वाढायला पाहिजे. म्हणजे अल्डोस्टेरॉन नसताना अल्डोस्टेरॉनचं काम कुणीतरी दुसरंच करतंय.

एक प्रश्न. आई ज्येष्ठमध घेतात का? चूर्ण, काढा, कफ सिरप, खोकल्याच्या गोळ्या, कशातूनही?

---

शेवंती_वाई (३ ऑगस्ट, दुपारी ४:५०)

डॉक्टर माझे हात थरथरतायत टाईप करताना. आई भजनाला गाते. गळा चांगला राहावा म्हणून ज्येष्ठमधाची काडी तोंडात असतेच तिच्या, गेली दोन वर्षं तरी, रोज, सकाळी काडी आणि रात्री चूर्ण कोमट पाण्यातून. किडनीच्या डॉक्टरांनी विचारलं होतं की काही आयुर्वेदिक औषध चालू आहे का, मी शेजारीच बसले होते आणि दोघी नाही म्हणालो. आत्ता विचारलं तर म्हणते "अगं ते काय औषध आहे होय, डब्यात असतंच की आपल्या".

---

डॉ_गोदाकाठ (३ ऑगस्ट, सायं ६:१०)

तुमची काही चूक नाही, दहातले नऊ जण हेच उत्तर देतात, म्हणून मी 'औषध' हा शब्द न वापरता नाव घेऊन विचारतो.

ज्येष्ठमधातलं ग्लिसरायझिन किडनीतलं एक एन्झाईम बंद पाडतं. आपल्या रक्तात कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतं आणि अल्डोस्टेरॉनच्या कुलपात कॉर्टिसॉलची किल्लीही बसते. म्हणून किडनीत पहारा आहे, तिथे आलेल्या कॉर्टिसॉलचं लगेच कॉर्टिसोन करून टाकायचं, जी किल्ली त्या कुलपाला लागत नाही. ज्येष्ठमध हा पहारेकरी झोपवतं. मग मीठ अडतं, पोटॅशियम वाहून जातं, बीपी चढतं, आणि शरीराला वाटतं पुरे झालं म्हणून खरं रेनिन-अल्डोस्टेरॉन गप्प बसतात. शंका असेल तर लघवीतल्या कॉर्टिसॉल-कॉर्टिसोनचं प्रमाण बघता येतं, पण इतिहास एवढा स्पष्ट असताना आधी बंद करून बघणं जास्त सोपं. हे पहिल्यांदा १९४० च्या दशकात नेदरलँड्समध्ये लक्षात आलं, पोटाच्या अल्सरला ज्येष्ठमध देत होते आणि पेशंटांच्या अंगावर सूज यायला लागली.

आज रात्रीपासून काडी बंद करा आणि उद्याच डॉक्टरांना फोन करून सांगा, गुरुवारपर्यंत थांबू नका. पोटॅशियम त्यांच्या देखरेखीत. असर जायला आठवडे लागतात, हार्मोनची तपासणी निदान ४ आठवडे सोडूनच पुन्हा करायची.

आणि एसीआर १८६ ही वेगळी गोष्ट आहे, ती ज्येष्ठमधावर ढकलून मोकळं होऊ नका. ३० च्या आत नॉर्मल, ३० ते ३०० मध्ये गाळणी गळायला लागली, ३०० च्या वर बरंच गळतंय. साध्या पट्टीच्या तपासणीला मधला टप्पा बहुतेक वेळा दिसतच नाही, म्हणून 'निल' लिहून येत राहिलं. टाईप २ ला निदान झालं त्याच वर्षापासून दरवर्षी एसीआर व्हायला पाहिजे, टाईप १ ला पाच वर्षांनंतर. ताप, लघवीचं इन्फेक्शन, आदल्या दिवशीची दमछाक याने वाढलेली दिसते, तेव्हा सकाळच्या पहिल्या लघवीची पुन्हा करा. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन वाढलेल्या आल्या तर पक्कं.

---

देशी_उपाय (३ ऑगस्ट, रात्री ९:००)

हे पटत नाही. ज्येष्ठमध आपल्याकडे हजारो वर्षं वापरतात, लहान बाळाच्या गुटीत उगाळतात. त्याने किडनीला त्रास होतो असं म्हणणं म्हणजे आपल्याच गोष्टींना नावं ठेवणं.

---

वैद्य_कृष्णाकाठची (३ ऑगस्ट, रात्री ९:४५)

मी स्वतः आयुर्वेदाची प्रॅक्टिस करते आणि इथे डॉक्टरांच्या बाजूने बोलते. गुटीत काडीचे दोन वेढे उगाळतात, तेवढं आणि दोन वर्षं रोज चघळणं यात फार अंतर आहे. आम्ही यष्टीमधु, म्हणजे हेच ज्येष्ठमध, देतो ते मात्रा ठरवून आणि किती दिवस ते सांगून. बीपीचा पेशंट असेल तर मी देतच नाही. युरोपातही दिवसाला १०० मिग्रॅ ग्लिसरायझिनच्या वर जाऊ नका असं सांगतात आणि चांगल्या काडीत ते वजनाच्या काही टक्के असतं, हिशेब करा, पाच-सात ग्रॅम काडीत ती मर्यादा कधीच ओलांडली जाते. औषध आहे म्हणूनच त्याला परिणाम आहे.

---

रानवाटा (४ ऑगस्ट, सकाळी ६:२०)

मला पण शुगर आहे ९ वर्ष, एसीआर ६४ आली होती, तासगावला द्राक्षबाग आहे. आमच्या डॉक्टरने मला समजावलं ते सांगतो कारण मला तेव्हाच डोक्यात बसलं. ड्रीपचा फिल्टर असतो ना, पंपाकडून पाणी जोरात येतंय आणि पुढचा व्हॉल्व्ह कुणीतरी अर्धा आवळून ठेवलाय, मग सगळं प्रेशर जाळीवर येतं, सुरवातीला पाणी जास्त गाळून निघतं आणि आपल्याला वाटतं फिल्टर लय भारी चाललाय, पण जाळी ढिली पडत असते आणि दोन सीझननी कचरा पुढं जायला लागतो. शुगरमध्ये किडनीचं तसंच, सुरवातीला ईजीएफआर उलट वाढलेला असतो. पुढचा व्हॉल्व्ह आवळणारा हात म्हणजे ते अँजिओटेन्सिन. टेल्मिसार्टन तो सैल करतं. आणि डॅपाग्लिफ्लोझिन ही शुगरची गोळी पंपाच्या बाजूनं पाणी कमी करते.

चालू केल्यावर पहिल्या महिन्यात क्रिएटिनिन माझं १.०५ चं १.२ झालं, मी घाबरून गोळी बंद करणार होतो, पण डॉक्टर म्हणाले प्रेशर उतरलं म्हणून गाळणी जरा सावकाश झालीय, ३० टक्क्यांपर्यंत वाढ चालते. आता एसीआर २८ आहे.

---

डॉ_गोदाकाठ (४ ऑगस्ट, सकाळी ९:३०)

रानवाटा, हे मी यापुढे माझ्या पेशंटना असंच सांगणार. २००१ मध्ये लोसार्टन आणि इर्बेसार्टनच्या मोठ्या चाचण्यांतून दिसलं की टाईप २ मध्ये किडनी खराब होण्याचा वेग कमी होतो. पण बऱ्याच जणांत काही महिन्यांनी अल्डोस्टेरॉन दुसऱ्या वाटेने परत वाढतं, म्हणून आता फिनरेनोन आलंय, ते अल्डोस्टेरॉनचं कुलूपच झाकून ठेवतं. कॅनाग्लिफ्लोझिनची चाचणी २०१९ ची, नंतर २०२० ला त्याच जातीच्या डॅपाग्लिफ्लोझिनची, आणि भारतात त्याचं पेटंट संपल्यावर गोळी स्वस्त झाली. एकच विनंती, नावात शेवटी 'प्रिल'वाली आणि 'सार्टन'वाली बीपीची गोळी दोन्ही एकत्र घेऊ नका, ते करून बघितलंय, पोटॅशियम चढतं आणि किडनी बसते.

---

स्वयंपाकघर_माझं (४ ऑगस्ट, सकाळी ११:००)

शेवंती, आईंचं पोटॅशियम कमी आणि बीपी जास्त, मग लो सोडियम मीठ का नाही वापरत? त्यात पोटॅशियम असतं, दोन्ही कामं होतील. रोज नारळपाणी पण.

---

डॉ_गोदाकाठ (४ ऑगस्ट, सकाळी ११:२५)

कृपा करून डॉक्टरांना न विचारता नको. आज कमी आहे, पण ज्येष्ठमध थांबल्यावर पोटॅशियम आपोआप वर यायला लागेल, वर टेल्मिसार्टन आहे, किडनी थोडी गळतीय, त्यात हे मीठ आणि नारळपाणी म्हणजे ६ च्या वर जायला वेळ लागणार नाही आणि तिथे हृदय थांबू शकतं. साधं मीठच कमी करा. पापड, लोणचं, ताकातलं वरून घेतलेलं मीठ.

---

निशिगंधा१२ (४ ऑगस्ट, रात्री ११:५०)

हार्मोन आणि किडनीचा विषय निघालाय म्हणून आमच्या बाबांचं लिहिते, आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

बाबा ६८, नाशिक, इन्सुलिनवर १० वर्षं. सकाळी ३४ युनिट रात्री २२. गेल्या वर्षी हळूहळू साखर इतकी सुधारायला लागली की डोस कमी करत करत आठ महिन्यांत १४ आणि ६ वर आले. एचबीएवनसी ६.१. आम्ही पेढे वाटले हो. बाबा सगळ्यांना सांगायचे की बघा पथ्य पाळलं की काय होतं. मग एका पहाटे तीन वाजता घामाघूम, बोलेनात, साखर ३८. दवाखान्यात कळलं क्रिएटिनिन ४.१, ईजीएफआर १५, हिमोग्लोबिन ८.४.

इन्सुलिन पण हार्मोनच ना, ते शरीरातून काढून टाकायचं मोठं काम किडनी करते, आणि किडनी थकली की तेच इन्सुलिन जास्त वेळ अंगात राहतं. साखर सुधारत नव्हती, किडनी जात होती. आणि रक्त बनवायला सांगणारं एरिथ्रोपॉयटिन किडनीतच बनतं, ते कमी झालं, रक्त कमी झालं, त्याने एचबीएवनसीवरही विश्वास ठेवता येईना. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस, महात्मा फुले योजनेतून होतं म्हणून निभावतंय.

कुणाच्या घरी कारण नसताना इन्सुलिन कमी लागायला लागलं तर पेढे आणायच्या आधी क्रिएटिनिन करा एवढंच सांगायचं होतं.

---

डॉ_गोदाकाठ (५ ऑगस्ट, सकाळी ७:१५)

निशिगंधा, लिहिलंस ते फार बरं केलंस. शरीरातलं स्वतःचं इन्सुलिन आधी यकृतातून जातं आणि तिथेच बरंचसं संपतं, टोचलेलं थेट रक्तात येतं, म्हणून त्याचा निचरा करण्यात किडनीचा वाटा आणखी मोठा. बाबांना साष्टांग नमस्कार सांग.

---

दूरदेशी (५ ऑगस्ट, दुपारी १:००)

मी इंग्लंडमध्ये डेव्हनला असतो, इकडे एक्सेटरमध्ये लघवीतल्या सी-पेप्टाइडवर बरंच काम झालंय. स्वादुपिंड इन्सुलिन बनवतं तेव्हा तेवढंच सी-पेप्टाइड सुटतं, आणि टोचलेल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं, त्यामुळे स्वतःचं किती शिल्लक आहे ते कळतं. माझ्या मुलाला आधी टाईप २ म्हणाले होते, जेवणानंतरची लघवी बोरिक अॅसिडच्या बाटलीत घरून पाठवली, सी-पेप्टाइड आणि क्रिएटिनिनचं प्रमाण ०.२ च्या खाली आलं, म्हणजे स्वतःचं इन्सुलिन जवळपास संपलेलं, टाईप १. पण आम्हाला तिथेही आधी किडनी विचारली, किडनी बिघडलेली असेल तर लघवीतला हा आकडा भरवशाचा राहत नाही.

---

शेवंती_वाई (८ ऑगस्ट, रात्री ९:३०)

गुरुवारी जाऊन आलो. डॉक्टरांनी ज्येष्ठमधाचं ऐकल्यावर पेन खाली ठेवलं आणि आईला विचारलं कुठला अभंग म्हणता हो तुम्ही. मग तिला रडूच आलं. बाकीच्या सगळ्या तपासण्या थांबवल्यात, फक्त पोटॅशियम दर आठवड्याला तपासायचं, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा २४ तास. यावेळी मी रजा काढून वाईला जाणार.

---

शेवंती_वाई (१२ ऑक्टोबर, रात्री १०:१०)

उशीर झाला, माफ करा, पण सगळे रिपोर्ट हातात आल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

पोटॅशियम तिसऱ्या आठवड्यात ३.७, आता सिरपशिवाय ४.२. बीपी १३४/८०, अॅम्लोडिपिन निम्मी केली. २४ तासांची लघवी लॅबवाला दादांनी सांगितलं तशी केली, मी कॅन बाथरूमच्या दारातच ठेवला आणि दारावर वेळ लिहायला कागद चिकटवला, क्रिएटिनिन ९३० आलं. अल्डोस्टेरॉन ७.४, रेंजमध्ये, रेनिन पण वर आलंय. अॅड्रिनलचं सीटीस्कॅन करायचं ठरत होतं ते रद्द.

एसीआर पुन्हा केली, १४८. डॉक्टर गोदाकाठ म्हणाले होते तसंच, ते शुगरचं आहे, ते राहणार. डॅपाग्लिफ्लोझिन १० सुरू केलंय. आई एकादशीला पाणीही घेत नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की निर्जळी उपासाला, जुलाब-उलट्यांच्या दिवसात ही गोळी घ्यायची नाही, आणि शक्यतो पाणी सोडूच नका. आईने पाण्याचं मान्य केलंय, विठ्ठल रागावणार नाही म्हणाली.

आता काकडा सुरू झालाय, पहाटे साडेचारला मंडळात जाते, तोंडात लवंग असते. मी तिच्या मंडळातल्या शुगर असलेल्या सहा जणींना एसीआर करायला लावली. चौघींची ३० च्या आत आली, एकीची ७४ आणि एकीची २१०, आणि दोघींनाही त्यांच्या रिपोर्टवर क्रिएटिनिनसमोर 'नॉर्मल'च लिहिलेलं होतं. २१० वाल्या काकूंना बुधवारी घेऊन येतेय पुण्याला. त्या गुडघ्यासाठी रोज पेनकिलर घेतात, ते आधीच चिठ्ठीवर लिहून ठेवलंय, आणि डब्यात काय काय आहे तेही विचारून घेतलंय.